जागृतीची हौस

फोटोवाल्याने चौथ्यांदा चिमीची हनुवटी वर केली, कानांवरचे केस मागे सारले, आणि आता हलू नको हां बाळा असं म्हणून तो कॅमेऱ्यामागे गेला, नेमका तेव्हा प्रफुल्लच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्याने तो उचलला नाही. व्हिसाच्या फोटोत चेहरा अगदी समोर लागतो, दात दिसून चालत नाहीत, मागचा पडदा पांढरा हवा, आणि चार वर्षांची पोर पाऊण तास त्या स्टुलावर कधी डावीकडे तर कधी उजवीकडे कलत होती. आता कुठे सरळ बसली होती. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. मोठी ऐश्वर्या, आठ वर्षांची, आपला फोटो काढून बाकावर बसली होती, ती म्हणाली, पप्पा, फोन. तो म्हणाला, थांब गं, एक मिनिट. फोटो निघाला. तिसऱ्या वेळी त्याने बघितलं तर नौपाड्याच्या दातांच्या दवाखान्याचा नंबर होता. जागृती, त्याची बायको, तिथे रिसेप्शनला बसायची. फोटो झाले का विचारायचं असेल, असं त्याला वाटलं. पण पलीकडून दुसरीच बाई बोलत होती. पेशंटचं नाव लिहिता लिहिता मॅडम खुर्चीवरून खाली पडल्या, जवळच्या हॉस्पिटलात नेलंय, तुम्ही निघा. त्याने पोरींना फोटोवाल्याच्या बायकोजवळ ठेवलं आणि डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत सबंध रस्ता रिक्षाने गेला. डॉक्टर तरुण होता, त्याला हे सांगायची फारशी सवय नसावी. डोक्यातली नस फुटली, म्हणाला. आणलं तेव्हाच संपलेलं होतं. प्रफुल्लच्या हातात फोटोवाल्याने निघताना छापून कोंबलेलं फोटोंचं पाकीट होतं. मोठीचे आठ, धाकटीचे आठ. पुढे व्हिसा झाला तो त्याच फोटोंवर. धाकटीचा फोटो त्याने नंतर पुष्कळदा काढून बघितला. ती सरळ समोर बघते आहे, तोंड घट्ट मिटलेलं, आणि फोटोच्या बाहेर, दोन हातांवर, फोन वाजतो आहे.

तो एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. एकोणीस वर्षं झाली होती. बॉयलरच्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही, ती अंगात भिनते. दाबाचा काटा जरा थरथरला, काचेतलं पाणी जरा खाली गेलं, की आधी आग बंद करायची आणि मग कारण शोधायचं. मालक ओरडला तरी चालतो, माल खराब झाला तरी चालतो. एकोणीस वर्षांत त्याने कितीतरी वेळा नुसत्या संशयावरून बॉयलर बंद केला होता, आणि निम्म्या वेळा काहीच निघालं नव्हतं, तरी त्याला त्याची लाज वाटली नव्हती. जागृतीचं डोकं श्रावणापासून दुखत होतं. ती बाम लावायची, कपाळाला ओढणी बांधून भाकऱ्या थापायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या होत्या की मी दातांची डॉक्टर, पण तू डोक्याचा स्कॅन काढून घे. ते तिने घरी येऊन सांगितलं. संध्याकाळी सातची वेळ असेल, कुकरची दुसरी शिट्टी झाली होती. ती म्हणाली, आपण हे सिंगापूर रद्द करू या का. मला बरं वाटत नाही. चिमी लहान आहे, तिच्या काय लक्षात राहणार. आणि दिवाळीत तिकडे रोज पाऊस असतो म्हणे. प्रफुल्ल म्हणाला, आता लोकांना सांगून बसलोय. स्कॅन तिकडून आल्यावर काढू, मला मध्ये सुट्टी नाही. तिने कुकर उतरवला. त्यानंतर ती बारा दिवस जगली.

सांगून बसलोय म्हणजे काय सांगितलं होतं, तेही त्याला आठवायचं. सिंगापूरला जायचं होतं ते त्याला. जागृतीला नव्हे. लहानपणी सुट्टी म्हणजे गणपतीला गाव, तेवढंच. त्याचे वडील सीताराम गिरणीतून सुटल्यावर दुसऱ्या कारखान्यात वॉचमन झाले, आणि माणसाने फिरायला कशाला जायचं हा प्रश्न त्यांना खरोखर पडायचा. प्रफुल्लला विमानात बसायचं होतं. आपल्या पोरींना हाताला धरून अशा रस्त्यावरून चालायचं होतं जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. पण बेचाळीस वर्षांच्या बॉयलरवाल्याने हे कारखान्यात कसं सांगायचं. म्हणून रजेचा अर्ज देताना तो म्हणाला, मिसेसला हौस आहे. घरी आईला म्हणाला, जागृतीला हौस आहे. आंबिवलीला सासूला, शालनला, म्हणाला, आई, तुमच्या लेकीची हौस, काय करणार. सगळे पुरुष असंच करतात. मोठा टीव्ही मिसेसला हवा असतो, सोफा मिसेसला हवा असतो. जागृती ते ऐकून हसायची. एकदा एवढंच म्हणाली, माझ्या नावावर बरंच काही खपवतोस हां तू. तो म्हणाला, मग नाव कशाला असतं बायकोचं.

दहाव्याला कल्याणला खाडीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. भातावर दही घातलं होतं, तिला आवडायची म्हणून कोलंबी ठेवली होती, बाजूला चहाचा कप. कावळे होते. शेडच्या पत्र्यावर ओळीने बसले होते आणि खाली बघत होते, पण एकही उतरत नव्हता. पाऊण तास झाला. ऊन चटके देत होतं. आधी प्रफुल्लची आई पुढे झाली, म्हणाली, पोरींना मी बघते, तू काळजी करू नको. मग जागृतीची धाकटी बहीण योगिनी म्हणाली, ताई, आईला मी आहे. कावळे बसून राहिले. भटजी घड्याळ बघायला लागले, दर्भाचा कावळा करू म्हणाले. तेव्हा प्रफुल्लचे चुलते धोंडीबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, तिचा जीव कशात अडकलाय ते तुला माहिती. परदेशाची एवढी हौस होती पोरीला. सांग तिला, पोरींना नेतो म्हणून." सगळे त्याच्याकडे बघायला लागले. शालनही. तिने पदर तोंडात धरला होता आणि ती मान हलवत होती, हो, हो, तेच असणार. प्रफुल्लला त्या क्षणी माहीत होतं काय बोलायचं ते. चुकलं माझं, स्कॅन आधी काढायला हवा होता, हे शब्द त्याच्या दाताशी येऊन थांबले होते. तो म्हणाला, "पोरींना सिंगापूरला नेतो." आणि एक कावळा पत्र्यावरून उतरला, दोनदा तिरका चालला, आणि त्याने भातात चोच घातली. लोकांनी सुस्कारा सोडला. कोणीतरी मागे म्हणालंसुद्धा, बघ, फॉरेनचं नाव काढलं आणि आला. दोघंतिघं हसली, रडता रडता.

तेव्हापासून तो त्या कावळ्याचा विचार करत होता. कावळा म्हणजे कावळा, त्याला भूक लागली, तो उतरला, असं म्हटलं तर मग दहावा कशासाठी केला. जागृती आली असं म्हटलं तर ती खोट्याला कशी भुलली. का तिने नेहमीसारखं हसून सोडून दिलं, खपव, अजून एक खपव माझ्या नावावर. त्याला हे शेवटचं सगळ्यात खरं वाटायचं आणि तेच त्याला सोसायचं नाही. आईने विरोध केला, वर्ष व्हायचंय अजून, कुठे समुद्र ओलांडता. पण शालनने स्वतः फोन करून तिला समजावलं की शब्द दिलाय, कावळ्यापुढे दिलाय. त्यापुढे कोणी बोललं नाही. दिवाळी तशीही घरात व्हायची नव्हती. कंदील नाही, फराळ नाही. वसुबारसेला संध्याकाळी शेजारची पोरं जिन्यात पणत्या लावत होती आणि तो दोन पोरी, दोन बॅगा घेऊन त्यांच्यामधून खाली उतरला.

विमानतळावर टूरचा मॅनेजर मयूर, ठाण्याचाच पंचविशीतला मुलगा, झेंडा घेऊन हजेरी घेत होता. त्याने जोरात वाचलं, जागृती प्रफुल्ल सकपाळ. तिकीट रद्द केलं होतं, नाव यादीत राहिलं होतं. कोणी ओ दिली नाही. त्याने पुन्हा वाचलं, मॅडम आल्या का, वॉशरूमला गेल्यात का. चिमी म्हणाली, "ती मेली." चांगलं मोठ्याने आणि स्वच्छ, बालवाडीत हजेरीला सांगतात तसं, आज नाही आली. मयूरचा चेहरा पडला. प्रफुल्लला पोरीचा राग आला नाही. उलट त्याला वाटलं की दीड महिन्यात एवढं सरळ वाक्य आपल्या घरात कोणी बोललं नव्हतं.

पाऊस होता. जागृती म्हणाली होती तसा, रोज. सकाळी नाश्त्याला उघडीप असायची, बस सुटली की आभाळ एका बाजूने काळं होत यायचं. तो पाऊस डोंबिवलीसारखा रेंगाळणारा नव्हता. सरळ, कोमट, जाड धारांचा पडायचा, रस्ते धुऊन काढायचा आणि कुठे चिखल म्हणून दिसायचा नाही. मयूर सगळ्यांना पातळ प्लॅस्टिकचे रेनकोट वाटायचा. ते अंगाला चिकटायचे आणि आत घाम यायचा. चिमीचा रेनकोट मोठ्या माणसाचा होता, प्रफुल्लने तो कमरेत दुमडून नाडीने बांधला होता, तरी ती त्यात पाय अडकून पडायची. समुद्रावरचा तो पांढरा सिंह, तोंडातून पाणी सोडणारा, त्यांनी पावसातच बघितला. चिमी म्हणाली, एवढा पाऊस पडतोय तर हा अजून कशाला ओकतोय. सगळी बस हसली. प्राणिसंग्रहालयात वाघ आत जाऊन बसला होता, काचेवर पाण्याचे ओघळ होते. तासभर ते तिघं काचेच्या अलीकडे उभे राहिले. प्रफुल्लला वास यायचा, ओल्या पोरींच्या केसांचा, बंद बसमधला, आणि त्यात कुठूनतरी बामचा. तो बाम मागच्या सीटवरच्या मंदाकिनीकाकूंचा होता. त्या नौपाड्याच्या, नवरा बरोबर, गुडघे दुखायचे म्हणून लावायच्या. हे दुसऱ्या दिवशी कळलं, तरी वास आला की त्याचा हात आपसूक बाजूच्या रिकाम्या सीटकडे जायचा. पोरी एका सीटवर दोघी बसायच्या. त्याच्या बाजूची जागा मोकळी असायची आणि मयूर तिथे कोणाला बसवत नव्हता, स्वतःची बॅगसुद्धा ठेवत नव्हता.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी काकूंनी डबा उघडला. चकल्या, शंकरपाळे. चिमीने हात पुढे केला आणि मागे घेतला, तिला घरी शिकवलेलं होतं, यंदा नाही. काकू म्हणाल्या, "घे गं. घरात तळायचं नसतं, दुसऱ्यांनी दिलेलं चालतं." मग त्या प्रफुल्लला हळू म्हणाल्या की आम्हाला मयूरने सांगितलं सगळं. तुमच्या मेहुणीने टूरच्या ऑफिसात कळवलं होतं ना, त्याला ते मागाहून कळलं. फार मोठं काम करताय तुम्ही. चकली खुसखुशीत होती. त्याला ती आवडली आणि आवडली म्हणून वाईट वाटलं. त्याच दुपारी मयूरने बसमध्ये माईक हातात घेतला. मंडळी, आज दिवाळी, म्हणाला, आणि आपल्यात एक असे गृहस्थ आहेत, सकपाळसाहेब, जे वहिनींची शेवटची इच्छा पुरी करायला दोन लहान मुलींना एकट्याने घेऊन आलेत. त्यांच्यासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत. मुलगा मनाने चांगला होता. टाळ्या झाल्या. पुढच्या लोकांनी वळून बघितलं, एका बाईने डोळे पुसले. प्रफुल्लने हात जोडले. हात जोडताना त्याला दिसलं की ऐश्वर्या टाळ्या वाजवत नाहीये. ती सीटवर गुडघ्यांनी उभी राहून, मागे तोंड करून, त्याच्याकडे बघत होती. तिची नजर रागाची नव्हती. गणित दोनदा करून उत्तर वेगळंच येतं तेव्हा वहीकडे बघायची, तशी होती.

समुद्रावरून जाणारी पाळण्यांची गाडी विजा चमकत होत्या म्हणून बंद होती. पंधरा मिनिटांत सुरू होईल असं सांगून त्यांना एका मोठ्या छपराखाली उभं केलं होतं, आणि दीड तास झाला होता. वर तारेवर रिकामे पाळणे लोंबकळत होते. चिमी बाकावर प्रफुल्लच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, तिच्या रेनकोटातून पाणी त्याच्या पँटमध्ये झिरपत होतं. त्याला ती मांडी बधिर झालेली बरी वाटत होती. तो पावसाकडे बघत होता आणि काहीच बघत नव्हता. कारखान्यात रात्रपाळीला बॉयलरसमोर बसतात तसा बसला होता, आवाज ऐकत. आवाजात फरक पडला की कळतं. इतकं असून त्याला घरात कळलं नव्हतं. ती पूर्वी भांडी घासताना गुणगुणायची, श्रावणापासून गुणगुणत नव्हती. फरक होता. त्याने तो ऐकला होता. ऐकला होता, आणि पासपोर्ट कुठे ठेवलेत ते तिला विचारलं होतं.

ऐश्वर्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ रेनकोटाची बटणं लावत आणि काढत होती.

"पप्पा, मम्मीला यायचंच नव्हतं ना इथे?"

"कोण म्हणालं?"

"मी बाहेर अभ्यास करत होते. ती म्हणाली रद्द करू. तिचं डोकं दुखत होतं."

छपराच्या कडेने पाण्याचा पडदा पडत होता.

"तू म्हणालास, लोकांना सांगून बसलोय."

"हो," प्रफुल्ल म्हणाला.

"मग तो दादा माईकवर खोटं बोलला?"

"त्याला माहीत नाही गं."

"आंबिवलीच्या आजीला माहितीये?"

त्याने मान हलवली, नाही. त्याला वाटलं आता ती रडेल, किंवा आपण रडू, आणि एकदाचं होऊन जाईल. पण ती नुसती पुढचं बटण लावत राहिली. तिला एवढंच विचारायचं होतं, कोणाकोणाला माहिती आहे. म्हणजे गेला दीड महिना ती हे बरोबर घेऊन शाळेत जात होती, दहाव्याला आजीच्या मांडीवर बसली होती, नेतो म्हणालेलं तिने ऐकलं होतं, कावळा उतरलेला बघितला होता. तिच्या वयाच्या पोरीने त्या कावळ्याचं काय केलं असेल. हे तिला विचारायची त्याला छाती झाली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. शालन रोज त्या वेळेला व्हिडिओ कॉल करायची, योगिनी तिला लावून द्यायची. ऐश्वर्याने फोन हातात घेतला, उचलण्याआधी बापाकडे बघितलं, आणि थांबली. तो फोन वाजत राहिला. दोन-तीन सेकंदच असतील. ती त्याला विचारत होती, आणि काय विचारते आहे ते त्याला नीट कळलं होतं. आजीला सांगू का. हो म्हणायला एक मान हलवायची होती. सासू समोर नव्हती, हजारो मैलांवर होती, पाऊस होता, लोक होते, रडारड झाली असती तर फोन ठेवता आला असता. याहून सोपी वेळ पुन्हा येणार नाही हेही त्याला तेव्हाच कळलं. त्याने मान हलवली. नाही.

ऐश्वर्याने फोन उचलला. शालनचा चेहरा खूप जवळ आला, नुसतं कपाळ आणि चष्मा. काय गं बाय, कुठे आहात, पाऊस का, जेवलात का. ऐश्वर्याने फोन फिरवून तिला समुद्र दाखवला, वरचे पाळणे दाखवले, झोपलेली चिमी दाखवली. मग फोन परत तोंडासमोर धरून ती म्हणाली, "आजी, मम्मीला खूप आवडलं असतं इथे. ती सारखी म्हणायची ना." तिकडे शालन रडायला लागली, पण बरं वाटून रडतात तसं. ऐश्वर्या तिला समजावत होती. आवाजही कापला नाही तिचा. प्रफुल्ल स्वतः इतक्या सफाईने कधी बोलला नव्हता. त्याच्या खोट्यात नेहमी थोडी लाज असायची, हसून घालवायची. पोरीच्या खोट्यात लाज नव्हती. तिला सांगितलेलं काम तिने नीट केलं होतं, आणि फोन त्याच्या हातात देताना तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

उरलेले दोन दिवस ती शहाण्यासारखी वागली. चिमीच्या बुटाच्या नाड्या बांधल्या, बसमध्ये दुसऱ्यांच्या पोरांशी खेळली. मयूरने विचारलं काय आवडलं, तर सगळं, म्हणाली. प्रफुल्ल तिला काहीतरी समजावून सांगायला जायचा, ती ऐकून घ्यायची, हं म्हणायची. काचेच्या मोठ्या घरात त्यांनी एक धबधबा बघितला. आत माणसाने केलेलं पाणी वरून कोसळत होतं, बाहेर आभाळातलं काचेवर आपटत होतं. चिमी दोन्ही हात वर करून ओरडत होती, आणि प्रफुल्लला वाटलं, हिच्या लक्षात यातलं काही राहणार नाही. जागृती बरोबर होती. सगळ्याच बाबतीत ती बरोबर होती. राहील ते मोठीच्या लक्षात राहील.

परत आल्यावर पहिल्या रविवारी ते आंबिवलीला गेले. शालनने दार उघडलं आणि पोरींना कवेत घेतलं. तिने खालच्या मजल्यावरच्या दोन बायकांना बोलावून ठेवलं होतं, त्यांना फोनमधले फोटो दाखवायचे होते. ह्या बघा दोघी, हा सिंह, हा पाऊस बघा किती. योगिनीने चहा टाकला. भावोजी, तुम्ही एवढे वाळलात काय, तिकडे काय फक्त झाडपाला देत होते का, असं ती म्हणाली आणि त्याच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. बायका गेल्यावर शालन त्याच्यासमोर खाली बसली. पोरींनी आणलेलं चॉकलेट तिने हातात धरलं होतं. तिने त्याला सांगितलं की दहाव्यापासून तिने गोड सोडलं होतं, लेकीची हौस पुरी होईपर्यंत. कोणाला सांगितलं नव्हतं. मग ती म्हणाली, "प्रफुल्लराव, खरं सांगू? तुम्ही तिकडे पोचलात त्या दिवसापासून मला झोप लागते. तोपर्यंत डोळा लागला नव्हता. वाटायचं, पोरीचं मन मारून ठेवलं आपण, आयुष्यभर." तिने चॉकलेटचा तुकडा तोंडात टाकला. तिला तो आवडला नसावा, कडू होता, तरी तिने चघळून चघळून खाल्ला.

"आई, एक सांगायचं होतं," प्रफुल्ल म्हणाला.

"बोला ना."

ऐश्वर्या खिडकीशी चिमीच्या केसांत क्लिपा लावत होती. तिचे हात थांबले. प्रफुल्लने शालनकडे बघितलं. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं खरंच कमी झाली होती.

"पाऊस फार होता तिकडे," तो म्हणाला.

"असायचाच," शालन म्हणाली. "जायचं म्हटल्यावर पावसाला काय भ्यायचं."

ऐश्वर्याने क्लिप लावली. चिमी म्हणाली, दुखतंय, आणि ती म्हणाली, हलू नकोस मग. प्रफुल्लने पोहे खाल्ले. योगिनीने विचारलं म्हणून अजून थोडे घेतले. पाचला ते निघाले. शालन जिन्यापर्यंत सोडायला आली, म्हणाली, आता वर्षश्राद्धाला तुम्ही काही कमी करू नका, पण मनातून निश्चिंत राहा, तिचं काही राहिलेलं नाही. रिक्षात मोठी एका टोकाला बसली, धाकटी मध्ये. प्रफुल्लने मोठीला म्हटलं नाही की आजीला सांगू नकोस, आणि सांग असंही म्हटलं नाही. तिनेही विचारलं नाही.

त्याला आता चार महिने झाले. आंबिवलीला तो दर महिन्याला जातो. जागृतीचं डोकं श्रावणापासून दुखत होतं, स्कॅन काढायला तिला सांगितलं होतं, आणि सिंगापूरला तिला जायचं नव्हतं, हे शालनला सांगायचं राहिलं आहे.